बांधावरच्या झाडांचं वजन

जिक्रा आठवीत असताना मी वर्गात एक प्रश्न विचारला होता. उभ्या झाडाचं वजन कसं काढाल? मी बिलोलीच्या शाळेत विज्ञान शिकवायचो आणि असे पुस्तकाबाहेरचे प्रश्न विचारायची मला खोड होती. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. तिसऱ्या बाकावरून जिक्रा उठली आणि म्हणाली, "पाडून, सर. तोवर नुसता अंदाज." वर्ग हसला. ती मात्र गंभीर होती, कारण तिच्या घरी हे रोजच चालायचं.

तिचे वडील हनीफभाई. नरसीच्या रस्त्याला त्यांची लाकूड कापायची आरामशीन आहे. शेतकऱ्यांच्या बांधावरची कडुलिंब, बाभूळ, शिरस, चिंच अशी झाडं उभी विकत घ्यायची, लागेल तिथं तहसिलातून परवानगी काढायची, झाड पाडायचं, बुंध्याच्या फळ्या काढायच्या आणि फांद्या जळतणाला द्यायच्या, हा त्यांचा वडिलांपासूनचा धंदा. हनीफभाई झाडाभोवती एक चक्कर मारायचे, बुंध्यावर तळहात ठेवून वर बघायचे आणि वजन सांगायचे. टनभराच्या झाडात त्यांचा अंदाज वीस-पंचवीस किलोंच्या वर चुकल्याचं मी तरी पाहिलं नाही. जिक्रा लहान असताना टेपचं एक टोक तिच्या हातात असायचं. झाडाला वळसा घालून ती घेर मोठ्यानं वाचायची आणि हनीफभाई मान हलवायचे. शाळेचा अभ्यासही ती फळ्यांच्या चळतीवर बसूनच करायची. तिच्या वह्यांतून भुसा पडायचा.

बारावीला ती नांदेडला गेली, तिथंच बी.एस्सी. केलं, मग परराज्यात वनशास्त्राचं पुढचं शिक्षण आणि तिथून दिल्ली. तिची आई चांदबी मला म्हणायची, गुरुजी, तुम्हीच तिला असले प्रश्न विचारून लांब पाठवलं. गमतीत म्हणायची, पण त्यात थोडं खरंही होतं.

दिल्लीत ती काय करते, हे मला दोन-तीनदा विचारून घ्यावं लागलं. जगातल्या मोठ्या कंपन्या हवेत धूर सोडतात. त्याची भरपाई म्हणून त्या झाडं राखणाऱ्यांना, जमीन सांभाळणाऱ्यांना पैसे देतात. झाडानं हवेतला किती कार्बन आपल्या लाकडात धरून ठेवला ते मोजायचं, आणि एका टनाला एक क्रेडिट असं विकायचं. पण झाड मोजायचं कसं, कोण मोजणार, खोटं मोजलं तर काय, याचे नियम कुणीतरी लिहावे लागतात. शेतातल्या आणि जंगलातल्या झाडांसाठी असे नियम लिहिणाऱ्या तज्ज्ञांच्या एका समितीवर जिक्रा होती. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती आणि त्या समितीत सगळ्यात लहान.

त्याच वर्षी नांदेडच्या एका दैनिकात तिच्याबद्दल छापून आलं. बिलोलीची लेक हवामानाच्या तज्ज्ञ समितीवर, असा मथळा आणि खाली फोटो. मी पेढे घेऊन आरामशिनीवर गेलो. हनीफभाईंनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. पेपर त्यांच्या समोरच होता. त्यात दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या जिक्रा. हनीफभाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"गुरुजी, आपल्याला शेत कधी होतं?"

मी म्हणालो, पेपरवाल्यांनी मनानं लिहिलं असेल. त्यांनी पेपरची घडी घालून बाजूला ठेवला. पण पेपरवाल्यांनी मनानं लिहिलं नव्हतं. तसं जिक्रानंच सांगितलं होतं. पुढं एकदा फोनवर ती माझ्याशी बोलली. समितीच्या बैठकांमधून झाड तोडणारा म्हणजे सगळ्या बिघाडाचं मूळ समजतात, सर, असं ती म्हणाली. तिथं उभं राहून माझे वडील झाडं तोडतात हे तोंडातून निघालंच नाही. मी तिला वडिलांशी बोलायला सांगितलं. ती हो म्हणाली, पण बोलली नाही. दीडेक वर्ष त्या दोघांचं बोलणं असं चाललं की तिचा फोन आला की हनीफभाई विचारायचे, तिकडं थंडी किती, आणि फोन चांदबीकडं द्यायचे.

मग एक गोष्ट अशी झाली की जिक्राला बापाकडं यावंच लागलं.

समितीपुढं मराठवाड्याचा विषय आला होता. बांधावर झाडं लावणाऱ्या आणि राखणाऱ्या शेतकऱ्यांना क्रेडिट मिळावीत म्हणून बाहेरची एक कंपनी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत प्रकल्प आणणार होती. झाडाचा घेर आणि उंची मोजली की सूत्रानं वजन काढायचं आणि वजनावरून कार्बन. पण ते सूत्र भरपूर पावसाच्या, दाट जंगलातल्या झाडांवरून बांधलेलं होतं. आपल्याकडचं एकही बांधावरचं झाड कुणी पाडून, तोलून त्या सूत्रात धरलेलं नव्हतं. जिक्राला ते स्वस्थ बसू देईना. तिला मराठवाड्याचं स्वतःचं सूत्र हवं होतं, आणि त्यासाठी पाडलेली झाडं हवी होती. हवामानासाठी काम करणारी संस्था मोजण्यापुरती झाडं तोडू शकत नव्हती. तोडायचं आधीच ठरलेलं झाड, पाडण्याआधी मोजायचं आणि पाडल्यावर तोलायचं, हा एकच मार्ग होता.

तिनं आधी मला फोन केला. अब्बा तयार होतील का, असं विचारलं. मी म्हणालो, ते तू त्यांनाच विचार.

डिसेंबर दोन हजार बावीसमध्ये ती आली. मी त्या दिवशी मुद्दाम आरामशिनीवर जाऊन बसलो होतो. मशीन चालू होती. बॅग दारात ठेवून ती तशीच उभी राहिली. हनीफभाईंनी फळी पूर्ण निघू दिली, मशीन बंद केली, हात पुसले आणि किती दिवस राहणार ते विचारलं. तीन महिने, असं ती म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं, सूत्र काय, जंगल कुठलं, बांध कुठला. त्यांनी खाली बघत ऐकून घेतलं.

"कागदावर माझा धंदा काय लिहिशील?"

"हनीफ शेख, आरामशीन, बिलोली." जिक्रा म्हणाली. "तेव्हा माझं चुकलं, अब्बा."

घरी ते दखनी बोलतात. हनीफभाई हळूच म्हणाले, "मेरेकू पूछती तो मैंच बोलता था, शेतकरी हैं बोल. पर पूछना था."

एवढंच. मग ते पुन्हा मशिनीकडं वळले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी टेप काढून मोटारसायकलच्या हँडलला अडकवला होता.

मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. घरी बसून कंटाळलो होतो, म्हणून मीही त्यांच्याबरोबर जायला लागलो. आकडे टिपायचं काम माझ्याकडं आलं. रामकिशन नावाचा त्यांचा जुना माणूस कटर चालवायचा. जिक्रा आधी छातीच्या उंचीवर घेर घ्यायची, उपकरणानं उंची मोजायची. मग ती वडिलांकडं बघायची. हनीफभाई तळहात बुंध्यावर ठेवून वजन सांगायचे आणि ते मी टिपायचो. त्यानंतर झाड पडायचं. बुंधा, जाड फांद्या, बारीक फांद्या, पाला असे चार ढीग करायचे आणि काट्यावर एकेक तोलायचे. प्रत्येक झाडाच्या दोन चकत्या जिक्रा कापडात गुंडाळून घ्यायची, कारण ओल्या लाकडात पाणी किती ते वाळवल्याशिवाय कळत नाही. दर सोमवारी त्या चकत्या नांदेडच्या एका कॉलेजातल्या भट्टीत जायच्या.

असं आम्ही एकाहत्तर झाडं केली. पहिल्या आठवड्यात बापलेक कामापुरतंच बोलायचे. तिसऱ्या आठवड्यात मी बघितलं, डबा खाताना जिक्रा त्यांच्या भाकरीवरची चटणी उचलून आपल्या भाकरीवर घेत होती आणि ते तिला रागवत होते की तिखट खाऊन पोट बिघडवशील. ती हसत होती. दहा वर्षांत मी तिला अशी हसताना पाहिलं नव्हतं.

लातूर जिल्ह्यातली झाडंही लागणार होती. हनीफभाईंचे एक ओळखीचे व्यापारी औशाला होते. त्यांच्याकडून कळलं की किल्लारीला एक लिंब पाडायचा आहे. भूकंपानंतर नवी किल्लारी वसली तेव्हा लोकांनी घरापुढं झाडं लावली, त्यांतला तो. जिक्राला असं झाड हवंच होतं, कारण त्याचं वय नक्की ठाऊक होतं. आम्ही जीप करून गेलो. घर सरजाबाई नावाच्या बाईंचं होतं. सत्तरीच्या असतील. लिंबाची मुळं भिंतीत शिरली होती आणि घराला तडा गेला होता, म्हणून लेकानं झाड काढायचं ठरवलं होतं.

जिक्रानं लावल्याचं साल विचारलं. सरजाबाई म्हणाल्या, ह्या घरात राहायला आलो त्याच पावसाळ्यात लावला, पंच्याण्णवला. जुन्या गावात त्यांच्या दारात असाच एक लिंब होता. घर पडलं, माणसं गेली, लिंब मात्र तसाच उभा राहिला होता. त्याच्या लिंबोळ्या आणून त्यांनी इथं रोप केलं होतं. हे सांगताना त्या रडल्या नाहीत. त्या फक्त बुंध्यापासून हलत नव्हत्या, आणि रामकिशन कटर खाली ठेवून वाट बघत होता. शेवटी जिक्रानं त्यांना हाताला धरून ओट्यावर बसवलं आणि स्वतः त्यांच्याशेजारी बसली.

झाड पडायला वीस मिनिटं लागली, तोलायला दुपार गेली. सगळे ढीग मिळून नऊशे ऐंशी किलो भरले. सरजाबाईंनी विचारलं, किती झालं? जिक्रानं सांगितलं.

"एवढंच व्हय? मला वाटलं, लई आसंल."

संध्याकाळी आम्ही जीपनं परत निघालो. निलंग्याच्या पुढं आल्यावर जिक्रा म्हणाली, त्यांच्यासारखं मलाही वाटलं होतं, अब्बा. सूत्रानं ते झाड ओल्या वजनात तेराशेच्या घरात जातं. हनीफभाई म्हणाले, दिसतं तेवढं ते नसतंच. दरसाल लोक फांद्या छाटतात. कुणी शेळ्यांना पाला घालतं, कुणी जळतण करतं, कुणी पिकावर सावली पडते म्हणून तोडतं. बुंधा जाड होत जातो आणि वर डोकं लहानच राहतं. जंगलातल्या झाडाला कोण छाटतंय?

जिक्रानं त्यांना पुन्हा सगळं सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. सूत्र कुठं चुकतं हे तिला त्या जीपमध्ये समजलं.

त्या हिवाळ्यात आणखी एक गोष्ट मनात धरून ती आली होती. ती तिनं कामाच्या आधी सांगितली नव्हती. कंपनीचा प्रकल्प सुरू झाला की नांदेडला कार्यालय उघडणार होतं आणि त्याची प्रमुख म्हणून तिचं नाव जवळजवळ ठरलं होतं. तिथल्या वजिराबाद भागात दुसऱ्या मजल्यावरची जागाही बघून झाली होती. एका सोमवारी चकत्या देऊन झाल्यावर ती मला तिथं घेऊन गेली. खोल्या रिकाम्या होत्या. ती खिडकीपाशी बराच वेळ उभी होती. शनिवारी दुपारी इथून निघाले तर सर, दिवेलागणीला मी बिलोलीत, असं ती म्हणाली. दिल्लीत तिला सगळं होतं, चांगली माणसं, चांगलं काम. पण तिथं आठ वर्षं राहूनही मला अजून स्वप्नं बिलोलीचीच पडतात, असं ती मला त्या रिकाम्या खोलीत सांगत होती.

चांदबीला कळल्यावर तिनं माडीवरची खोली झाडून घेतली. भिंतीला चुना दिला, खिडकीला नवी जाळी लावून घेतली, बाजारातून गादी आणली. लेकीच्या लग्नाचा विषय तिनं केव्हाच सोडून दिला होता. आता शनिवारी काय काय करायचं, याची ती यादी करायची आणि मला ऐकवायची.

प्रकल्पात नाव घातलेल्या पहिल्या शेतकऱ्यांत ज्ञानोबा होते. बिलोलीपासून दोन कोसांवर त्यांचं चार एकर रान. त्यांच्या बांधावरची एक वाळत आलेली बाभूळ आमच्या एकाहत्तरांत होती. कंपनीची माणसं येऊन गेल्यावर त्यांनी बांधाला दोनशे रोपं लावली होती, लिंब आणि करंज, आणि डोक्यावर घागरी आणून ती जगवत होते. जिक्राला ते लहानपणापासून ओळखायचे. आपल्या पोरीचं काम आहे, असं ते लोकांना सांगायचे आणि त्यांच्या शब्दावर आणखी चाळीस जणांनी नावं घातली होती.

फेब्रुवारीच्या शेवटी सगळ्या चकत्या वाळून आल्या. जिक्रा आरामशिनीच्या शेडात लॅपटॉप घेऊन बसली. दुपारपर्यंत तिनं आकडे तीनदा लावून बघितले. जुनं सूत्र शंभर किलोच्या झाडाला एकशे तीस दाखवत होतं. झाडागणिक कुठं जास्त, कुठं कमी, पण सरासरी तेवढीच येत होती. मला ती म्हणाली, सर, एवढी घट धरली तर कंपनीला इथं परवडणार नाही. एवढ्या लहान बांधांवर माणसं पाठवून मोजणी करायचा खर्चच निघायचा नाही.

म्हणजे नांदेडचं कार्यालय गेलं. हे तिला कळलं, मला कळलं, आणि मशिनीपाशी उभ्या हनीफभाईंनाही कळलं.

तिनं माझी आकड्यांची वही ओढून घेतली आणि वजनं पुन्हा एकदा वाचली. मग वडिलांना म्हणाली, "अब्बा, काटा बरोबर आहे ना?"

हनीफभाईंनी तिच्याकडं बघितलं. ते तडक मापं प्रमाणित करणाऱ्याकडं गेले आणि शिक्का मारलेली वीस-वीस किलोंची वजनं मागून आणली. आम्हा दोघांसमोर त्यांनी एक ठेवलं, मग दोन, मग पाच, मग दहा. प्रत्येक वेळी त्यांनी काट्यावरचा आकडा तिला वाचायला लावला. माडीवरच्या खोलीची नवी जाळी त्यांनी स्वतःच्या हातानं बसवली होती, ते मला तेव्हा आठवत होतं.

"काटा बरोबर आहे, बेटा," ते म्हणाले.

जिक्रानं मान हलवली आणि लॅपटॉप मिटला.

मे महिन्यात समितीची बैठक झाली. तिथं काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. तिनं एकाहत्तर झाडांचे आकडे मांडले. सगळ्यांनी नीट ऐकलं, कामाचं कौतुक केलं. मग एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले की काम पक्कं आहे, पण हा आकडा आत्ता लावला तर कोरडवाहू भागात कुणी येणार नाही. आधी बाजार तिथं पोचू दे, पुढच्या फेरीत सुधारू. ते वाईट हेतूनं बोलत नव्हते, असं जिक्रा म्हणाली. गरीब शेतकऱ्याला चार पैसे मिळावेत, असंच त्यांना वाटत होतं. तिलाही तेच वाटत होतं. पण पाच वर्षांनी तपासणी होईल, तेव्हा झाडं कमी भरतील, आणि कमी भरलेल्या झाडांचा दोष शेतकऱ्यावर येईल, असं तिनं सांगितलं. माझ्या गावचे लोक तेव्हा म्हणतील की आम्ही झाड तोडलं नाही, आणि कागद म्हणेल की तोडलं. कागदावर माझीच सही असेल.

त्या ज्येष्ठ सदस्यांनी तिला विचारलं, छाटणीचा मुद्दा कुठल्या अभ्यासात आला आहे? ती म्हणाली, माझ्या वडिलांकडून. ते चाळीस वर्षं झाडं तोडतात.

ते त्यांनी टिपून घेतलं, असं ती म्हणाली. मग पुढची स्लाइड पडद्यावर आली आणि काम चालू राहिलं. तिचा आकडा मान्य झाला. त्या दस्तऐवजाच्या मागं, मदत करणाऱ्यांच्या नावांत, हनीफ शेख, आरामशीन, बिलोली असं छापलेलं मी स्वतः पाहिलं आहे. प्रत आली तेव्हा हनीफभाईंनी ते पान दोनदा बघितलं आणि चांदबीला कपाटात ठेवायला दिलं.

दीड महिन्यात कंपनीनं नांदेड-लातूरचा विचार सोडला आणि ती जास्त पावसाच्या दुसऱ्या एका राज्यात गेली. वजिराबादेतल्या त्या खोल्यांत आता शिकवणी वर्ग आहेत.

शेतकऱ्यांना कंपनीनं फोनवर निरोप दिला असता तरी चाललं असतं. पण जिक्रा दोन दिवसांसाठी आली आणि एकेकाच्या घरी गेली. ज्ञानोबांकडं मी तिच्यासोबत होतो. ते रानातच होते. घागर खाली ठेवून त्यांनी सगळं ऐकलं. झाडं जेवढी वाटली तेवढी भरत नाहीत, हे तिनं त्यांना त्यांच्याच बाभळीचे आकडे सांगून समजावलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं, असं मला वाटलं.

"मंग आधी कशाला सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"आधी कुणी तोललंच नव्हतं, मामा."

"तुझ्या बापाला तर ठावं व्हतं. त्याला इचारायचं."

जिक्रानं हो म्हटलं. त्यांनी तिला पाणी दिलं. रोपांचं काय करणार, हे विचारायचं तिला धाडस झालं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

त्या रात्रीच्या गाडीनं ती परत गेली. माडीवरची खोली चांदबी रोज झाडते. कुणी म्हणालं, भाड्यानं द्या, तर ती ऐकलं न ऐकलं करते. दिल्लीहून जिक्राचा फोन आता रोज संध्याकाळी येतो आणि तो हनीफभाईंच्याच फोनवर येतो. आज कुठलं झाड, घेर किती, अंदाज किती, भरलं किती, हे ते सांगतात आणि ती लिहून घेते. एकाहत्तरांची आता दोनशेच्या वर गेली आहेत. मी पुष्कळदा तिथं बसलेला असतो. आकडे संपले की ती म्हणते, फोन ठेवू नका, अब्बा, मशीन चालू करा. मग हनीफभाई फोन फळीवर ठेवतात आणि एखादा ओंडका लावतात. करवतीचा आवाज मिनिटभर दिल्लीला जातो. मग फोन आपोआप बंद झालेला असतो.

एकदा मी तिला विचारलं, दिल्लीत काय आठवतं? तिनं भुसा म्हटलं. ओल्या बाभळीचा. आणि मग म्हणाली, सर, मी जगभरातल्या झाडांचे नियम लिहिते, पण माझ्या खिडकीतून दिसतं ते झाड कुठलं, हे मला अजून माहीत नाही. मी कधी खाली उतरून बघितलंच नाही.

तिनं परतायचे प्रयत्न सोडलेले नाहीत. लातूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या एका गटानं तिचाच आकडा धरून आपला छोटा प्रकल्प सुरू केला आहे. मोजणी स्वतःच करतात, म्हणून खर्च कमी. पैसे थोडे, पण सांगितले तेवढे येतील. जिक्रानं त्यांना फोनवरून सगळं शिकवलं. तिथं तिच्यासाठी जागा नाही. त्यांना एक कारकून पुरतो.

या जानेवारीत ती चार दिवस आली होती. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, ज्ञानोबामामांकडं जाऊ. हनीफभाई, ती आणि मी गेलो. मला वाटलं होतं, रोपं केव्हाच वाळून गेली असतील. पण बांधावर रांग उभी होती. दोनशेंतली एकशे बत्तीस जगली होती, लिंब तर माझ्या डोक्याच्या वर गेले होते. ज्ञानोबांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. लावली ती लावली, असं ते म्हणाले, आता तान्ही पोरं कोण टाकून देतं का.

जिक्रानं पिशवीतून टेप काढला. एकशे बत्तीस रोपं मोजायला संध्याकाळ झाली. घेर अजून बोटभरच. वीस वर्षांनी यांचं किती होईल, असं ज्ञानोबांनी विचारलं, तेव्हा तिनं मनाशी हिशेब केला आणि छाटणी धरून एक आकडा सांगितला. ते म्हणाले, मी काय बघायला नसणार. मग टेप गुंडाळणाऱ्या तिच्याकडं बघत म्हणाले, "मोजायला येतीस पोरी, ऱ्हायला ये की."

"येते, मामा. जागा निघाली की येते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला बसमध्ये बसवून दिलं. चांदबी घरीच राहिली, तिला स्टँडवर यायला आवडत नाही. जिक्रा नांदेडहून दिल्लीची गाडी धरणार होती. बस वळणाआड गेल्यावरही हनीफभाई तिथंच उभे राहिले. मग आम्ही बाजारातून पायी निघालो. लाकडाच्या दुकानाशी कुणीतरी त्यांना हाक मारली, त्यांनी नुसता हात वर केला.

थोडं पुढं आल्यावर ते म्हणाले, "गुरुजी, नांदेडच्या कॉलेजांत शिकवायच्या जागा कधी निघतात, ते तुम्हाला समजतं का?"

समजतं, म्हणालो. माझे जुने विद्यार्थी आहेत तिथं. तेव्हापासून दर महिन्याला मी दोन-तीन फोन करतो. जागा अजून निघालेली नाही.